पाळण्याचा मान

आमच्या हिंगणखोऱ्याला सगळ्यात जास्त अभिमान आहे तो आपल्या गटाराचा. हसू नका. दुसऱ्या गावांत पाहुणा आला की त्याला देऊळ दाखवतात, तालीम दाखवतात. आम्ही त्याला आधी वेशीजवळच्या हिरव्या झाकणापाशी नेतो. तिथं गावातल्या प्रत्येक आळीचं सांडपाणी आपापल्या नळानं येऊन मिळतं, आणि झाकणाखाली एक यंत्र बसवलेलं आहे. सरकारी भाषेत त्याचं नाव वाचता वाचता दम लागतो. आम्ही त्याला ‘पिंगळा’ म्हणतो, कारण ते भविष्य सांगतं, आणि पहाटे दारात येऊन ओरडत नाही हा त्याचा चांगुलपणा.

ज्यांनी जुने दिवस पाहिले नाहीत त्यांच्यासाठी थोडं मागचं सांगते. पूर्वी विमा एकेकट्या माणसाचा असायचा. मग रक्ताच्या थेंबावरून पुढच्या वीस वर्षांची दुखणी सांगणाऱ्या चाचण्या निघाल्या आणि विमा कंपन्यांचं फावलं. ज्याला काही होणार नाही त्याला विमा स्वस्त, आणि ज्याला खरी गरज त्याला तो परवडेना. लोक चाचणीला घाबरून दवाखान्याची पायरी चढेनासे झाले. दुखणी अंगात वाढू द्यायची पण हप्ता वाढू द्यायचा नाही, असा उफराटा कारभार. बरीच वर्षं बोंबाबोंब झाल्यावर सरकारनं गावविम्याचा कायदा केला. विमा सगळ्या गावाचा मिळून एक. हप्ता सगळ्यांना सारखा आणि त्यातला मोठा वाटा सरकारचा. उपचार कुठल्याही दवाखान्यात, गावातल्या कुणालाही, फुकट. आणि कुणाच्याही अंगाची चाचणी करून त्याचा हप्ता ठरवायला सक्त बंदी.

मग गाव किती निरोगी हे कळणार कसं? ते पिंगळा सांगतो. आपल्या शरीरातल्या पेशी रोज मरत असतात. मरताना त्यांच्यातल्या डीएनएचे तुकडे होतात आणि त्यातले काही लघवीवाटे बाहेर पडतात. कर्करोगाच्या पेशींच्या तुकड्यांवर काही वेगळ्या रासायनिक खुणा असतात. पिंगळ्याच्या पोटात एक पातळ पडदा आहे आणि त्याला डोळ्यांना न दिसणारी भोकं आहेत. सुईत दोरा ओवावा तसा एकेक तुकडा त्या भोकातून जातो, तो जाताना तिथला विजेचा प्रवाह किंचित हलतो, आणि त्या हलण्यावरून यंत्र खूण ओळखतं. अख्ख्या आळीच्या पाण्यात एका माणसाचं दुखणं मिसळलेलं असलं तरी ते त्याला सापडतं, आणि पुष्कळदा त्या माणसाला स्वतःला कळायच्या आधी. क्षयाचे जंतू, साखरेच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्यांचे अंश, सगळं ते वाचतं आणि शेवटी गावाचा एक आकडा काढतं. आकडा जितका लहान तितकं गाव निरोगी आणि तितका गावाचा वाटा कमी.

यातली मेख अशी की पिंगळ्याला आळीच्या खाली उतरायची परवानगी नाही. ‘अमक्या आळीत अमकं दुखणं आहे’ एवढंच त्यानं सांगायचं. ते कुणाला आहे हे माणसांनी माणसांना विचारून, समजावून, हातापाया पडून शोधायचं. हिंगणखोऱ्यात ते काम माझ्याकडं आहे. मी वनिता साबळे, गावविमा समितीची प्रमुख. माझं तोंड फटकळ आहे, असं सासूबाई असेपर्यंत मला रोज ऐकायला मिळायचं. या कामात त्याचा फार उपयोग होतो.

त्या वर्षी आमचा आकडा जिल्ह्यात सगळ्यात लहान येणार, हे जवळपास ठरलेलं होतं. फक्त वर्षाचं शेवटचं मोजमाप राहिलं होतं. माझे धाकटे दीर प्रशांत हे गावचे सरपंच. त्यांनी पहिल्या नंबराचं बक्षीस घ्यायला जायचं म्हणून नवं जाकीट शिवायला टाकलं होतं. मोजमापाचा आठवडा गावानं स्वतःच निवडून कळवायचा असतो. तोही प्रशांतभाऊजींनीच कळवला होता, मागच्या वर्षीची यात्रा एप्रिलच्या सुरुवातीला होती हे आठवून, यात्रा चुकवायची म्हणून एप्रिलचा शेवट. मधे अधिक महिना येऊन गेलाय आणि यंदा चैत्र पुढं सरकलाय, हे त्या शहाण्याच्या ध्यानातच आलं नाही. मोजमाप नेमकं यात्रेच्या आठवड्यात आलं.

आमच्याकडची यात्रा म्हणजे काय, हे ज्यानं पाहिलंय त्याला सांगायला नको. मुंबई, पुणे, सुरत, जिथं म्हणून हिंगणखोऱ्याचा माणूस पोटासाठी गेलाय तिथून तो येतो. लेकी येतात, जावई येतात, जावयाच्या कचेरीतले साहेबही मटणाच्या वासानं येतात. घराघरात पाय ठेवायला जागा नसते. आणि या सगळ्यांची साखर, रक्तदाब, मूतखडे सगळं पिंगळ्याच्या पोटात.

निकाल आला तेव्हा भाऊजी आमच्याच सोप्यात चहा पीत होते. जिल्ह्याच्या कार्यालयातून केंजळे मॅडमचा फोन होता, तो मी स्पीकरवर टाकला. आकडा दुपटीवर गेलाय, त्या म्हणाल्या. शिवाय खालच्या आळीत एक खूण सापडली आहे, मूत्राशयाच्या कर्करोगाची. सुरुवातच असावी.

भाऊजींनी कप खाली ठेवला. “मॅडम, यात्रा होती. निम्मं पाणी पाहुण्यांचं.”

“मग सोपं आहे,” मॅडम म्हणाल्या. “पाहुणे-वजावटीचा अर्ज करा. तो आठवडा रद्द होईल, पुढच्या महिन्यात पुन्हा मोजू.”

“आणि ती खूण?” मी विचारलं.

“आठवडा रद्द म्हणजे सगळंच रद्द. खूण गावाची नाही असं धरलं जाईल. शोधाची परवानगी आणि चाचणीचे संचही मग मिळणार नाहीत.”

फोन ठेवल्यावर भाऊजींचा चेहरा खुलला होता. मला मात्र चहा गोड लागेना. कुणाच्या तरी अंगात ते वाढत होतं, त्याला पत्ता नव्हता, आणि जगात ते माहीत असलेली माणसं आम्ही तिघंच.

“भाऊजी, अर्ज पंधरा दिवसांनी करा.”

“वहिनी, आपल्या माणसाचं असतं तर गोष्ट वेगळी.”

“आपलं घर खालच्या आळीतच आहे, आणि घरात बारा पाहुणे होते. त्यात तुमची सख्खी बहीण होती. ती कुणाची?”

पंधरा दिवस मिळाले.

खालच्या आळीतल्या सगळ्यांनी चाचण्या करून घेतल्या, गावकऱ्यांना आता सवय आहे. मग मी एकेका घरातून पाहुण्यांचे नंबर घेऊन फोन लावायला बसले. कुणी हसून हो म्हणालं, कुणी ‘आमच्यात असलं काही नाही’ म्हणून फोन आपटला. उज्ज्वला, माझी नणंद, सुरतेला असते. तिला फोन लावायचं मी दोनदा पुढं ढकललं. यात्रेत ती सारखी दमतेय असं मला दिसलं होतं.

“म्हणजे वहिनी, मटण खायला मी घरची,” ती म्हणाली, “आणि दुखणं निघालं की पाहुणी. वजावट करायची म्हणताय ना? दादालोकांनी मला शेतातनं वजा केलं तेव्हाही मी सही केली होती. आताही करते. कुठं करू?”

तिचं बोलणं खोटं नव्हतं. हक्कसोडपत्रावर सह्या न केलेली लेक आमच्या पंचक्रोशीत शोधावी लागेल.

“उज्ज्वला,” मी म्हटलं, “तुझं काही निघालं ना, तर वजावटीचा अर्ज मी माझ्या हातानं फाडीन. सरपंच तुझा भाऊ असला तरी माझा दीर आहे. मी त्याला बघून घेईन. पण तू आधी तपासून घे बाई. मला झोप नाही.”

पलीकडं ती रडली, मग मीही रडले. चौथ्या दिवशी तिचा निकाल आला, काही नव्हतं. मला इतकं हायसं वाटलं की शेजारच्या पोरांना बोलावून मी घरात होते तेवढे लाडू वाटून टाकले.

पण लाडू संपल्यावर लक्षात आलं की हायसं वाटण्यासारखं काहीच झालेलं नाही. आळीतले सगळे झाले, पाहुणे सगळे झाले, जे नाही म्हणत होते तेही बायकांच्या धाकानं झाले. सगळे निकोप. मग ती खूण कुणाची?

“पिंगळा चुकला,” भाऊजी म्हणाले. “यंत्रच आहे ते. करू आता अर्ज?”

मी पिंगळ्याचा रोजचा आलेख पुन्हा उघडून बसले. पाहुणे यात्रेच्या दुसऱ्या दिवशी गेले होते. गाड्या भरभरून, डोळे पुसत, डबे बांधून. साखरेच्या गोळ्यांची रेघ त्याच दिवशी धाडकन खाली आली होती. खुणेची रेघ मात्र तशीच पुढं चालली होती, आणखी काही दिवस, आणि मग एकदम गायब. म्हणजे हा माणूस पाहुण्यांबरोबर गेला नव्हता. तो मागं राहिला होता, आणि काहीतरी आटोपून गेला होता.

शाळेची संडासं खालच्या आळीच्याच नळाला जोडलेली आहेत. आणि शाळेच्या पटांगणात, सगळी यात्रा पांगल्यावर, एकच माणूस बायकोला घेऊन मागं राहतो. मोठ्या पाळण्याचे लोखंडी हात एकेक करून उतरवायला वेळ लागतो.

दस्तगीर पाळणेवाला. मी माहेरून इथं नांदायला आले त्या वर्षी त्याचा बाप पाळणा लावायचा आणि तो तिकिटं फाडायचा. इतकी वर्षं त्याच्या पाळण्यात आमची पोरं बसली, पोरांची पोरं बसली, आणि सगळ्यांचे फोन नंबर गोळा करताना त्याचं नाव माझ्यासकट एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

तो घाटाखालच्या एका गावच्या यात्रेत सापडला. भाऊजी गाडी चालवत होते, अर्थात कुरकुरत. पाळणा अजून अर्धाच उभा होता. दस्तगीर वर चढून नट आवळत होता. आम्हाला बघून खाली उतरला.

“आवो वहिनी! सरपंच! पाळण्यात बसायला इतक्या लांब आलाय व्हय?”

त्याची बायको शबाना चहा टाकायला लागली. मी तिला शेजारी बसवलं आणि दोघांना सगळं सांगितलं. ‘तुला आहे’ असं मी म्हणू शकत नव्हते, आणि कायदाही म्हणू देत नाही. आळीत कुणाला तरी असेल, तू तपासून घे, एवढंच.

दस्तगीरनं हातातला पाना खाली ठेवला. “दोन-तीनदा रगत पडलं,” तो म्हणाला. “मी म्हनलं उन्हाळी लागली. धन्याचं पानी पेलो, सब्जा खाल्ला. उन्हातान्हात काम आपलं.”

“मला न्हाई सांगितलंत,” शबाना म्हणाली.

मी आणलेला चाचणीचा संच त्यानं घेतला. संध्याकाळी तालुक्याच्या दवाखान्यात कळलं ते आम्ही न बोलता ओळखलं होतं. डॉक्टर मात्र खुशीत होत्या. फार लवकर सापडलंय, त्या म्हणाल्या, आताच काढलं तर पोट न कापता दुर्बिणीनं निघेल. आणखी वर्षभर गेलं असतं तर लघवीची पिशवीच काढावी लागली असती. मग त्यांनी विचारलं, “गाव कुठलं लिहू?”

दस्तगीर माझ्याकडं बघून हसला. तसं हसू मला कुणाच्याच तोंडावर पुन्हा बघायचं नाही.

“गाव ट्रकात हाय, मॅडम. बापाचं घर इकलं, तिकडच्या यादीतनं नाव गेलं. कायदा झाला तवा इचारलं हुतं मी. म्हनले, जिथं सहा म्हैने राहशील तितलं नाव लागंल. मी कुटं सहा म्हैने राहतो? राहिलो तर पोट कोन भरनार?”

परत येताना घाट चढून वर आल्यावर भाऊजींनी गाडी कडेला घेतली.

“वहिनी, नियमांत बाहेरच्याला घ्यायचं काही आहे का?”

होतं. आणि ते आमच्यासारख्या गावांनीच कटकट करून घालून घेतलेलं होतं. कायदा होत असताना गावोगाव भांडणं झाली होती, की आमच्या यात्रेचा घट देणारा कुंभार पलीकडच्या वाडीत राहतो, ढोलकरी कराडला राहतो, मग ते आमचे नाहीत काय? सरकारनं वैतागून एक कलम घातलं: ज्याला गावच्या यात्रेत मान आहे तो राहायला कुठंही असो, ग्रामसभेनं ठराव केल्यास गावचाच धरावा.

ग्रामसभा भरवण्याआधी मी दस्तगीरला फोन करून विचारलं, तुझं दुखणं लोकांपुढं बोलू का. तो म्हणाला, “बोला की. चोरी केलीय का मी?”

सभेला सगळं गाव आलं. मी मांडणी केली, काही लपवलं नाही. मान दिला तर वजावट करता येणार नाही, कारण खूण आपल्याच माणसाची ठरेल. आकडा वाढेल. पहिला नंबर पिंपळोशीला जाईल आणि वर्षभर प्रत्येक घराचा वाटा थोडा वाढेल. पिंपळोशीचं नाव निघताच मागून कुणीतरी सुस्कारा सोडला. पिंपळोशी आणि आम्ही यांचं जमत नाही, कशावरून ते आता दोन्हीकडं कुणाला आठवत नाही.

सचिन पोळ उठला. माणूस सरळ आहे. “वनिताकाकी, दस्तगीरबद्दल वाईट मलाबी वाटतंय. वर्गणी काढू, मी पहिली देतो. पर मान? उद्या तालुक्यातला प्रत्येक आजारी माणूस मान मागत आपल्या दारात उभा राहील.”

लोकांनी माना हलवल्या. त्याचं म्हणणं सोडून देण्यासारखं नव्हतं. सगळ्यांचे डोळे विलासतात्यांकडं वळले. यात्रेचे मान त्यांच्या तोंडपाठ आहेत, पालखी निघण्याआधी हाका तेच देतात, आणि या बाबतीत ते इतके कडक आहेत की एका वर्षी नारळाच्या मानावरून त्यांनी पालखी दुपारपर्यंत पायरीवर उभी ठेवली होती.

तात्या काठी टेकून उठले. “सचिन, मान कोन देत नसतं. काम करनाऱ्याचा तो असतोच. कुंभार घट करतो म्हनून त्याचा मान. आता मला सांग, पालखी पटांगनापाशी आली की पाळना काय करतो?”

“थांबतो.”

“थांबतो. भरल्याला पाळना, वर पोरं बोंबलत्यात, खाली तिकिटाची रांग. तरी पालखी पुढं जाईस्तवर तो हलत न्हाई. आदी बाप थांबवायचा, आता ह्यो थांबवतो. कुनी सांगितलंय त्याला? आरं, मान हायच त्याचा! आपुन हाक मारायची इसरलो.”

मग भाऊजी उठले. सरपंच म्हणून त्यांचा शब्द शेवटचा होता.

“बक्षीस मला पाहिजे होतं,” ते म्हणाले. “जाकीट शिवून आलंय, सगळ्यांना ठाऊक हाय. पण मी त्या डॉक्टरांच्या खोलीत होतो. बाईंनी गाव विचारलं आणि तो हसला. पिंपळोशीला नंबर जाऊ दे. आपलं गाव इतकं निरोगी की त्यात आजारी माणसाला जागाच न्हाई, असला पहिला नंबर मला नको. ज्यांना ठराव मान्य आहे त्यांनी हात वर करा.”

सचिनचा हात पहिल्या काहींत होता. नंतर हात इतके झाले की मोजायची गरजच पडली नाही. मला माझ्या गावाचा आणि माझ्या दिराचा त्या दिवशी जो अभिमान वाटला तो आजवर कशाचा वाटला नव्हता. दिराला मी हे सांगितलेलं नाही, तो आधीच डोक्यावर बसलाय.

दस्तगीरचं काम दुर्बिणीनं झालं आणि तो चौथ्या दिवशी चालायला लागला. दर तीन महिन्यांनी तपासणी आहे, शबाना त्याला मानगूट धरून नेते. त्याच्या बिडीचा विषय ती आणि मी दोघी मिळून संपवला.

बक्षीस पिंपळोशीला मिळालं. आमची बातमी मात्र जिल्ह्याबाहेर गेली. मग लोकांना एकेक आठवायला लागलं. कुणाच्या यात्रेत बांगड्या भरणारे पिढ्यान्‌पिढ्या येतात, कुणाच्या उरुसात दरवर्षी तीच शहनाईवाली माणसं, कुणाच्या शिवारात दर दिवाळीनंतर तेच धनगर मेंढरं बसवतात. ज्यांना कुठलंच गाव नव्हतं त्यांना गावं हाका मारायला लागली. पिंपळोशीवाल्यांनी तर ऊसतोडीला येणाऱ्या टोळ्यांना, अख्ख्या, पोराबाळांसकट मानकरी करून घेतलं आणि वर आम्हालाच ऐकवलं, की तुमचा एक तर आमचे बघा किती! मला राग आला. पण असल्या भांडणात हरायला माझी हरकत नाही. सरकारनंही शेवटी कायद्यातली सहा महिन्यांची अट काढून टाकली.

पुढच्या यात्रेला मोजमापाचा आठवडा मी स्वतः निवडला होता, पंचांग उघडं ठेवून. उज्ज्वला सुरतेहून दोन दिवस आधी आली. देवळासमोर गर्दी दाटली, ढोल थांबले आणि विलासतात्या पायरीवर उभे राहून हाका द्यायला लागले. घटाचा मान. ढोलाचा मान. निशाणाचा मान. ज्याचं नाव येई तो पुढं होऊन पालखीला हात लावी. सगळ्यांचे हात लागल्याशिवाय आमची पालखी उठत नाही.

“पाळण्याचा मान,” तात्यांनी आवाज चढवला, “दस्तगीर मुजावर!”

कुणी पुढं आलं नाही. तात्यांनी पुन्हा हाक दिली. सगळ्यांनी पटांगणाकडं पाहिलं. मोठा पाळणा पोरांनी भरला होता, आणि भरला पाळणा सोडून येता येत नाही. दस्तगीर एकेक पाळणी खाली घेत होता, कडी काढत होता, पोराला उचलून जमिनीवर ठेवत होता, मग पुढची पाळणी. त्याची घाई इथूनही दिसत होती. खांदेकरी उन्हात उभे होते आणि एकानंही कुरकुर केली नाही.

उज्ज्वलाच्या शेजारी तिच्या सासरची कुणी पाहुणी होती. तिनं विचारलं, “काय झालं? पालखी का उठत नाही?”

“थांबा थोडं,” उज्ज्वला म्हणाली. “आमच्या गावचा एक माणूस यायचाय.”

शेवटचं पोर उतरवून दस्तगीर धावतच आला. वंगणाचे हात त्यानं विजारीला पुसले, पुन्हा पुसले, आणि तरी पालखीला लावायला धजेना.

“आरं बघतोस काय!” विलासतात्या त्याच्यावर खेकसले. “गाव खोळंबलंय तुझ्यापायी. पुढल्या वर्षी वेळेवर यायचं, सांगून ठेवतो!”

“व्हय तात्या,” दस्तगीर म्हणाला, आणि त्यानं हात लावला.